जैनुल आबेदिन यांची दुष्काळचित्रे : शाईच्या रेषेत नेमके काय पाहावे?

नीलशाई (मूळ प्रश्न)

नमस्कार. मी चित्रकलेची विद्यार्थिनी नाही. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमीडिएट या ग्रेड परीक्षा दिल्या, त्यानंतर चित्रांशी संबंध राहिला तो पाहण्यापुरताच. सध्या मी १९४३ च्या बंगालमधील दुष्काळाविषयी वाचत आहे आणि त्या ओघात जैनुल आबेदिन यांची त्या वर्षातील शाईची रेखाचित्रे पाहण्यात आली. वेष्टनासाठी वापरतात तशा स्वस्त, पिवळट कागदावर काळ्या चिनी शाईने आणि मुख्यतः कुंचल्याने ती काढलेली आहेत. पार्श्वभूमी जवळजवळ नाहीच. कलकत्त्याच्या रस्त्यावर आडवी झालेली माणसे, मूल कवटाळून बसलेली आई, रिकामी भांडी, आणि पुन्हा पुन्हा येणारा कावळा, एवढाच ऐवज. चित्रे मनातून जात नाहीत. पण ती का जात नाहीत, हे मला स्वतःलाही नीट सांगता येत नाही.

या चित्रांविषयी जे वाचनात आले त्यात 'रेषा बोलकी आहे', 'रेषेत विलक्षण सामर्थ्य आहे', 'मोजक्या फटकाऱ्यांत सारे उभे केले आहे' अशी वाक्ये वारंवार भेटतात. ती खोटी आहेत असे मला म्हणायचे नाही. मात्र हीच वाक्ये के. के. हेब्बर यांच्या नर्तकींच्या रेखाचित्रांनाही लावलेली मी वाचली आहेत. नाचणारी स्त्री आणि भुकेने मरणारा माणूस या दोहोंच्या रेषा एकाच विशेषणाने ओळखल्या जात असतील, तर त्या विशेषणातून मला रेषेविषयी काहीच कळलेले नाही, असे मी समजते.

म्हणून दोन गोष्टी विचारते. मानवाकृतीचे शाईतील रेखाचित्र समोर असताना, विषय क्षणभर बाजूला ठेवून, रेषेत नेमके काय पाहायचे असते? आणि दुसरी शंका अधिक अडचणीची आहे : मी हेलावते ती दुष्काळामुळे, आणि श्रेय मात्र रेषेला देते, असे तर होत नाही ना? जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.

बोरूबहाद्दर

आपल्या दुसऱ्या शंकेचे उत्तर पहिल्या प्रश्नातूनच निघेल असे मला वाटते, म्हणून पहिल्या प्रश्नावर थोडे विस्ताराने लिहितो. मी मासिकांसाठी आणि पुस्तकांसाठी शाईने चित्रे काढत आलो आहे, त्यामुळे माझे पाहणे हे कारागिराचे पाहणे आहे. समीक्षकांची परिभाषा माझ्याकडून अपेक्षू नये.

शाईची रेषा पाहताना मी सर्वप्रथम 'हे काय काढले आहे' हा प्रश्न सोडून देतो आणि 'हात कसा गेला' एवढेच पाहतो. पेन्सिलीची रेघ खोडता येते, कोळशाची रेघ बोटाने पुसट करता येते. शाईने भरलेला कुंचला कागदावर टेकला की जे झाले ते झाले. त्यामुळे शाईच्या रेषेत चित्रकाराच्या हाताचा वेग, दाब आणि संकोच हे तिन्ही जसेच्या तसे उतरलेले असतात. दाब वाढला की रेषा रुंदावते. वेग वाढला किंवा कुंचल्यातील शाई संपत आली की ती फाटते आणि मधून कागद दिसू लागतो. हात थांबला तर त्या जागी शाई साचून ठिपका येतो. या तीन खुणा ओळखता येऊ लागल्या की कोणत्याही चित्रातली रेषा तिच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत आपल्याला डोळ्यांनी पुन्हा ओढता येते. आस्वादाची सुरुवात माझ्या मते इथे होते.

आता आबेदिन यांच्या चित्रांतील पाठ पाहा. उकिडव्या बसलेल्या किंवा कुशीवर पडलेल्या आकृतीत मानेपासून कमरेपर्यंत बहुधा एकच रुंद फटकारा येतो. तो सुरुवातीला ओला आणि काळा असतो, आणि खाली येता येता कोरडा होत जातो. चित्रशाळेत आपल्याला शिकवतात की उजेडाच्या विरुद्ध बाजूची बाह्यरेषा जाड काढावी, म्हणजे आकृतीला गोलाई येते. या चित्रांत जाडी त्या नियमाने चालत नाही, कारण उजेड कुठून येतो याची चित्रकाराने फारशी दखलच घेतलेली नाही. रेषा जाड होते ती शरीर जिथे वाकले आहे, जिथे ते स्वतःला पेलू शकत नाही, त्या ठिकाणी. म्हणजे ही जाडी भाराची आहे; आणि ज्या शरीरात वजन उरलेले नाही त्याचा भार दाखवणे ही मोठी विलक्षण गोष्ट आहे. सारा भार त्या बसण्यात आहे.

दुसरी गोष्ट हाडांची. निरोगी शरीर रेखाटताना रेषा कातडीच्या कडेने जाते आणि आतला सांगाडा आपण नुसता सुचवतो. गळ्याचे हाड, कोपर, गुडघा अशा ठिकाणी तो डोकावतो इतकेच. या आकृत्यांत हाड हीच शरीराची कड झालेली आहे. खांद्याच्या फऱ्याची रेघ ही एकाच वेळी आतल्या हाडाची रेघ आहे आणि बाहेरच्या आकाराचीही. बरगड्यांसाठी छायाभेद नाही, तिरकस रेघांचे जाळे नाही. काही आखूड, जवळजवळ समांतर फटकारे आहेत आणि त्यांच्यामधला कागद तसाच सोडलेला आहे. तो उघडा कागद आपण आपोआप खोलगट समजतो. हे साधायला शरीररचनेचे पक्के ज्ञान लागते. आबेदिन १९३३ ते १९३८ या काळात कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत शिकले आणि पुढे तिथेच शिकवू लागले. ब्रह्मपुत्रेच्या जलरंगचित्रांसाठी त्यांना १९३८ मध्ये अखिल भारतीय प्रदर्शनात सुवर्णपदकही मिळाले होते. पाण्याचे, आकाशाचे हळुवार रंग लावणाऱ्या माणसाने पाच वर्षांत हे सगळे बाजूला ठेवून काळी शाई, जाडाभरडा कागद आणि कोरडा कुंचला एवढ्यावर येणे, हा निर्णय आहे. चित्रे घाईची दिसतात म्हणून ती कच्ची आहेत असे समजण्याचे कारण नाही.

कागदाविषयीही सांगायला हवे. गुळगुळीत, महागड्या कागदावर कुंचला सरकतो आणि रेषा अखंड राहते. खरबरीत, शोषक कागद शाई पिऊन टाकतो, आणि थोड्याच अंतरात कुंचला कोरडा पडतो. अशा कागदावर लांब रेषा ओढायची तर मध्येच ती तुटणार, तिचे तंतू सुटणार. आबेदिन यांनी हे तुटणे टाळलेले नाही; केस, फाटके वस्त्र, पिंढरी अशा जागी ते त्यांनी वापरून घेतले आहे. कागदाची पिवळट छटा मधला रंग म्हणून काम करते, त्यामुळे राखाडी छटा वेगळ्या लावण्याची गरज बरेचदा पडत नाही.

आणि आता जे काढलेले नाही ते. बहुतेक चित्रांत जमिनीची रेघ नाही किंवा असून नसल्यासारखी आहे. पदपथाचा दगड नाही, भिंत नाही, दुकानाची पाटी नाही. आडवा पडलेला माणूस कशावर पडला आहे हे चित्र सांगत नाही. कावळा मात्र ठसठशीत, ओल्या काळ्या शाईत भरलेला. चित्रातील सर्वांत धडधाकट जीव तोच आहे, हे सांगायला चित्रकाराला चोचीपाशी मांस रंगवावे लागलेले नाही. माणसाची रेषा कोरडी आणि कावळ्याची ओली, एवढ्या फरकाने ते काम झाले आहे.

हेब्बर यांच्याशी आपण केलेली तुलना फार उपयोगी आहे, ती सोडू नका. हेब्बर मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले, तिथे त्यांनी शिकवलेही, आणि लयीचा शोध घेण्यासाठी ते कथ्थक शिकले. त्यांच्या नर्तकीची रेषा उचलली जात नाही. कमरेतून निघते, दंडावरून मनगटाकडे जाते आणि बोटाच्या टोकाशी वळून परत येते. ती शरीराच्या कडेपेक्षा हालचालीचा मार्ग अधिक दाखवते. तीच अखंड, लवचिक रेषा घेऊन आबेदिन यांची आई काढून पाहा, म्हणजे काय होते ते कळेल. आकृती डौलदार होईल, आणि तो डौल तिथे खोटा ठरेल. म्हणून 'बोलकी रेषा' हे विशेषण दोघांनाही लावू नये या आपल्या म्हणण्याशी मी सहमत आहे. एकाची रेषा चालू राहण्याने बोलते, दुसऱ्याची तुटण्याने.

अंधेरीकर

बोरूबहाद्दर यांनी लिहिलेले उत्तम आहे. त्यात भर म्हणून चित्तप्रसाद यांचे नाव घेतो, कारण तोच दुष्काळ, तेच वर्ष, तीच काळी शाई आणि तरीही अगदी निराळी रेषा पाहायची असेल तर त्यांच्याइतके जवळचे उदाहरण दुसरे नाही. शिवाय ते पुढे आयुष्याचा मोठा काळ मुंबईत अंधेरीला राहिले, म्हणून आम्हा उपनगरवासीयांना त्यांच्याविषयी थोडे अधिक ममत्व आहे, हेही मान्य करतो.

चित्तप्रसाद भट्टाचार्य (१९१५ ते १९७८) यांनी कोणत्याही कलाशाळेत रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. ते कम्युनिस्ट पक्षाचे काम करत, आणि १९४३ च्या नोव्हेंबरात मेदिनीपूर जिल्ह्यात हिंडून त्यांनी दुष्काळाची चित्रे आणि वृत्तांत एकत्र केले. त्यांची 'हंग्री बेंगॉल' ही पुस्तिका मुंबईतून निघाली; सरकारने तिच्या जवळजवळ सर्व प्रती जप्त करून नष्ट केल्या. चित्रे पक्षाच्या 'पीपल्स वॉर' या साप्ताहिकातही छापली जात, आणि तेही मुंबईहूनच निघे.

हा छपाईचा मुद्दा रेषेशी थेट संबंधित आहे. त्या काळी स्वस्त नियतकालिकात चित्र छापायचे तर लाइन ब्लॉक करणे परवडे. लाइन ब्लॉकला काळे आणि पांढरे एवढेच कळते. मधली राखाडी छटा हवी तर हाफटोन ब्लॉक करावा लागतो, तो महाग, आणि वर्तमानपत्री कागदावर तो चोथा होऊन बसतो. आपल्याकडे दीनानाथ दलालांच्या पिढीतील कथाचित्रे रेषेवर उभी राहिली, त्यामागेही हेच कारण बऱ्याच अंशी आहे. चित्तप्रसाद यांची रेषा त्यामुळे आवळलेली, घट्ट आणि जाळीदार आहे. काळोख दाखवायचा तर ते रेघांवर रेघा घालतात, आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, डोळ्यांखालच्या खाचा, फाटक्या धोतराची घडी, हे सारे तपशिलाने काढतात. आबेदिन यांची चित्रेही छापली गेली, पण ती काढताना छपाईचा विचार मुख्य होता असे ती पाहून वाटत नाही.

आणखी एक फरक. चित्तप्रसाद चित्राबरोबर माणसाचे नाव, गाव आणि हकिकत लिहीत. त्यामुळे त्यांची रेषा विशिष्ट माणसाचा चेहरा धरून ठेवते. तो माणूस पुष्कळदा आपल्याकडे पाहत असतो. आबेदिन यांच्या आकृत्यांना नावे नाहीत, चेहरे पुष्कळदा झुकलेले किंवा पाठमोरे आहेत, आणि डोळ्यांच्या जागी शाईचा डाग आहे. पहिल्याची रेषा साक्षीदाराची आहे. दुसऱ्याच्या रेषेला काय म्हणावे, ते मी बोरूबहाद्दरांवर सोपवतो.

कोरा कागद

मला या चर्चेत थोडा विरोधी सूर लावायचा आहे. नीलशाई यांची दुसरी शंका मला मोलाची वाटते आणि तिला अजून उत्तर मिळालेले नाही.

बोरूबहाद्दर म्हणतात की हाड हीच शरीराची कड झाली आहे. हे वर्णन सुंदर आहे, पण ते रेषेचे वर्णन आहे की उपासमारीचे? उपासमार झालेल्या शरीरात हाडे कडेला येतातच. सुनील जाना यांनी त्याच दुष्काळाची छायाचित्रे काढली, तीही 'पीपल्स वॉर'मध्येच छापली गेली. त्या छायाचित्रांत रेषा नाही, कुंचला नाही, कोरडी शाई नाही. आणि तरीही ती पाहताना माणूस तसाच गप्प होतो. मग जे छायाचित्रातही आहे त्याचे श्रेय रेषेला का द्यायचे? त्या दुष्काळातील मृत्यूंचा सरकारी चौकशी आयोगाचा अंदाज सुमारे १५ लाख होता आणि नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांच्या आसपास जातात. हा आकडा डोक्यात घेऊन आपण चित्रापुढे उभे राहतो. शीर्षकात '१९४३' हे चार अंक दिसले की रेषा कशीही असो, आपण तिच्यात वेदना पाहणारच.

दुसरी अडचण नैतिक आहे. भुकेने मेलेल्या माणसाच्या पाठीवरचा फटकारा ओला कुठे आहे आणि कोरडा कुठे, याची रसिकतेने चर्चा करणे मला अवघड जाते. कदाचित हा माझा कोतेपणा असेल. परंतु 'कावळ्याची रेषा ओली, माणसाची कोरडी' हे वाक्य वाचून मला प्रथम दाद द्यावीशी वाटली, आणि लगेच त्या दादेचीच लाज वाटली. आस्वाद हा शब्द इथे वापरावा का, असा माझा प्रश्न आहे.

आणि तिसरे, थोडे तांत्रिक. रेषेत वेग आणि दाब दिसतो हे मान्य. पण वेगाने काढलेली प्रत्येक रेषा भावपूर्ण नसते. चित्रशाळेतील विद्यार्थी रेल्वे स्थानकावर बसून झटपट रेखाटने करतात; त्यांच्या वह्यांत फाटलेल्या, कोरड्या, जोरकस रेषांची रेलचेल असते. त्यांतील बहुतेक रेखाटने पाहून कोणाला काही होत नाही. तेव्हा कोरडा कुंचला म्हणजे वेदना, अखंड रेषा म्हणजे आनंद, असे समीकरण मांडण्यात धोका आहे. उद्या कोणी हे वाचून चित्रावर मुद्दाम रेषा फाडू लागेल.

बोरूबहाद्दर

कोरा कागद यांचे आक्षेप टाळण्यासारखे नाहीत. तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण त्याच्याशी मी पूर्णपणे सहमत आहे. कोरडा कुंचला ही हिकमत म्हणून शिकता येते, आणि शिकलेल्या हिकमतीची रेषा लगेच ओळखू येते : ती सर्वत्र सारखीच फाटलेली असते. बाहीवरही फाटलेली, गालावरही, खांबावरही. आबेदिन यांच्या चित्रात ती कुठे फाटते आणि कुठे फाटत नाही, यात निवड आहे. आईचा हात मुलाच्या पाठीवर टेकतो तिथली रेषा पाहावी. बाकी शरीर तुटक असताना ती जागा पुष्कळदा जोडलेली, सलग असते. दोन शरीरांची मिळून एकच कड काढलेली असते. रेषेचा गुण तिच्या एकट्या तुकड्यात शोधून सापडत नाही; शेजारच्या रेषेपेक्षा ती वेगळी का वागली, यात तो सापडतो. स्थानकावरच्या वहीत नेमका हा फरक नसतो.

आता विषय आणि रेषा यांच्या श्रेयवाटपाकडे येतो. याची परीक्षा करण्याचा एक मार्ग अंधेरीकर यांनी नकळत दाखवून ठेवला आहे. विषय तोच ठेवा आणि चित्रकार बदला. चित्तप्रसाद आणि आबेदिन यांची चित्रे शेजारी ठेवली तर दुष्काळ दोन्हीकडे तोच आहे, मृतांचा आकडा तोच आहे, शीर्षकातील साल तेच आहे. तरीही मला चित्तप्रसादांपुढे राग येतो आणि कोणाला तरी जाब विचारावासा वाटतो. आबेदिन यांच्यापुढे राग येत नाही, काहीच करता येणार नाही असे वाटते आणि मी तिथून हलत नाही. विषय समान असताना जो फरक उरतो, तो रेषेचा म्हणायला माझी हरकत नाही. अंधेरीकर विचारतात की दुसऱ्या रेषेला काय म्हणावे. मला नाव सुचत नाही. एवढे म्हणेन की चित्तप्रसादांनी तो माणूस कोण होता हे जपले, आणि आबेदिन यांनी शरीर कसे कोसळते हे जपले.

उलट परीक्षाही करता येते : चित्रकार तोच ठेवा आणि विषय बदला. चिखलात रुतलेली बैलगाडी जीव खाऊन रेटणारा माणूस आणि मान खाली घालून ओढणारे बैल, हे आबेदिन यांचे पुढच्या काळातील प्रसिद्ध चित्र आहे. तिथेही पाठीचा तोच एक रुंद बाक आहे, तोच जोर आहे. मात्र दुष्काळचित्रात तो बाक जमिनीकडे वितळत जातो आणि इथे तो धनुष्यासारखा ताणलेला आहे. हात एकच, बाक एकच. तो कुठे संपतो यावर अर्थ ठरला. केवळ विषयामुळे आपण हेलावत असतो तर हा फरक दिसण्याचे कारण नव्हते.

छायाचित्राविषयी. जाना यांच्या छायाचित्रांचे सामर्थ्य मी नाकारत नाही, पण ते दुसऱ्या वाटेने येते. कॅमेऱ्याच्या चौकटीत जे सापडले ते सगळे एकाच क्षणी उमटते : चेहरा, मागची भिंत, भिंतीवरची सावली, पायाशी पडलेली चिंधी. छायाचित्रकाराची निवड चौकटीत आणि क्षणात असते. रेखाचित्रकाराला प्रत्येक गोष्ट काढण्याचा स्वतंत्र निर्णय घ्यावा लागतो, आणि म्हणून न काढण्याचाही. जाना यांच्या छायाचित्रात रिकामी जागा असेल तर तिथे खरोखर रिकामी जागा होती. आबेदिन यांच्या चित्रात जमीन नाही, कारण ती त्यांनी काढली नाही. कलकत्त्याला जमीन होतीच. 'हाड हीच कड' हे उपासमारीचेही वर्णन आहे हा आपला मुद्दा मात्र मी मान्य करतो. ते दोन्ही आहे, आणि तिथे श्रेय वेगळे काढता येणार नाही.

नैतिक अडचणीवर माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. इतकेच वाटते की त्या चित्रकाराने समोरच्या माणसाकडे फार बारकाईने पाहिले, आणि त्या पाहण्याची नोंद म्हणून रेषा आपल्या हाती आली आहे. तिच्याकडे ढोबळपणे पाहून 'हृदयद्रावक' असा शेरा मारणे मला अधिक अनादराचे वाटते. 'आस्वाद' हा शब्द खटकत असेल तर तो खुशाल काढून टाकावा. पाहणे पुरेसे आहे.

अंधेरीकर

नैतिक मुद्द्यावर एक उदाहरण आठवले, तेही बंगालचेच. सोमनाथ होर (१९२१ ते २००६) यांनी तरुणपणी चितगाव भागात हाच दुष्काळ पाहिला आणि चित्तप्रसादांच्या प्रोत्साहनाने त्याची रेखाटने केली. पुढे १९७० च्या दशकात त्यांनी कागदाच्या लगद्यातून 'वुंड्स' ही मालिका केली. पांढऱ्या कागदावर पांढराच उठाव, त्यात चिरा, छिद्रे, ओरखडे. आकृती नाही, शाईही नाही. रेषा कागदावर ओढण्याऐवजी कागदातच जखमेसारखी उमटलेली आहे. भुकेलेल्या माणसाचे चित्र काढावे की नाही, हा प्रश्न या चित्रकारांनाही पडला असावा असे ती मालिका पाहताना मला वाटते. अर्थात होर यांनी मानवाकृती सोडली असे मात्र नाही. त्यांच्या लहान ब्राँझशिल्पांत ती पुन्हा येते, आणि त्या शिल्पांतील हातपाय पाहिले तर ते कुंचल्याच्या सुकलेल्या फटकाऱ्यांचीच आठवण करून देतात.

नीलशाई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बोरूबहाद्दर यांनी सांगितल्याप्रमाणे एक चित्र घेऊन त्यातील रेषा सुरुवातीपासून शेवटापर्यंत डोळ्यांनी ओढून पाहिल्या. हे वाटते त्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे, कारण डोळा सारखा चेहऱ्याकडे पळतो. शेवटी चित्र उलटे करून पाहिले, तेव्हा रेषा रेषा म्हणून दिसू लागल्या. आई आणि मूल यांच्यामधील सलग कड मला त्याशिवाय दिसलीच नसती. कोरा कागद यांच्या आक्षेपाविषयी सांगायचे तर माझी शंका पूर्णपणे फिटलेली नाही, परंतु ती आता अधिक नेमकी झाली आहे. कोणत्या ठिकाणी मला दुष्काळ हलवतो आणि कोणत्या ठिकाणी हात, हे चित्रातील जागांवर बोट ठेवून विचारता येते.

एक व्यावहारिक प्रश्न उरतो. मी ही चित्रे पडद्यावरच पाहिली आहेत. काही प्रतींत कागद पांढरा शुभ्र दिसतो, काहींत तपकिरी. एकाच चित्राच्या दोन प्रतींत बरगड्यांच्या रेघांची जाडीही वेगळी भासते. अशा प्रतींवरून ओली आणि कोरडी रेषा ओळखण्यावर कितपत विसंबावे?

बोरूबहाद्दर

फार विसंबू नये. पडद्यासाठी किंवा छपाईसाठी प्रत करताना काळे अधिक काळे आणि कागद अधिक पांढरा करण्याचा मोह सर्वांनाच होतो. तसे केले की कोरड्या फटकाऱ्यातील बारीक तंतू एकतर मिटून जातात किंवा एकमेकांत मिसळून त्यांची सलग काळी पट्टी होते. नेमका जो गुण पाहायचा तोच पहिल्यांदा बळी पडतो. म्हणून ज्या प्रतीत कागदाचा पिवळट किंवा तपकिरी रंग, त्याचे डाग आणि कडा दिसतात, ती प्रत निवडावी; जिथे कागद दिसतो तिथे रेषाही बहुधा बऱ्या अवस्थेत असते. चित्राची मापे दिली असतील तर त्या आकाराचा कागद कापून समोर ठेवावा, म्हणजे फटकारा मनगटाने मारला आहे की अख्ख्या हाताने, याचा अंदाज येतो. पडद्यावर सगळी चित्रे एकाच आकाराची होतात, हा त्याचा मोठा दोष आहे.

मूळ चित्रे पाहण्याचा योग असेल तर ढाक्याच्या बांगलादेश राष्ट्रीय संग्रहालयात आबेदिन यांचा मोठा संग्रह आहे, आणि मैमनसिंगला ब्रह्मपुत्रेच्या काठी त्यांच्या नावाचे स्वतंत्र संग्रहालय आहे. चित्तप्रसादांच्या बाबतीत गोष्ट थोडी सोपी आहे. त्यांनी पुष्कळ काम छपाईसाठीच केले, त्यामुळे छापील प्रतीत त्यांची रेषा फारशी बिघडत नाही. 'हंग्री बेंगॉल'च्या वाचलेल्या प्रतीवरून पुढे हुबेहूब पुनर्मुद्रणही झाले आहे. ते एखाद्या ग्रंथालयात मिळाले तर तिथून सुरुवात करावी, आणि आबेदिन यांच्या चांगल्या प्रती मागाहून शेजारी ठेवाव्यात.

कोरा कागद

एक छोटी पुरवणी. उलटे करून पाहण्याचा प्रयोग सुनील जाना यांच्या छायाचित्रांवरही करून पाहावा. मी तो आत्ताच केला. छायाचित्र उलटे केल्यावर माझ्या हाती अंधार आणि उजेडाचे तुकडे आले, हाताचा माग लागला नाही. बोरूबहाद्दर यांचा छायाचित्राविषयीचा मुद्दा तेवढ्यापुरता मला पटला आहे. नैतिक आक्षेप मात्र मी कायम ठेवतो.